गिटारचा भार कोणी वाहायचा?

प्रश्न वसईहून आला आहे. विचारणाऱ्या वडिलांची मुलगी चर्चच्या कॉयरमध्ये उकुलेले वाजवते आणि आता क्लासिकल गिटारही शिकू लागली आहे. कॉयरमध्ये उभं राहून वाजवावं लागतं. क्लासमध्ये मात्र डावा पाय छोट्या स्टुलावर ठेवून बसायचं. दोन्ही वाद्यांना पट्टा अडकवायला खुंटी नाही, म्हणून त्यांनी गळ्यात घालायचा, हुकाचा पट्टा आणला. सर म्हणाले, क्लासिकलला पट्टा लावत नाहीत. का लावत नाहीत, आणि लावला तर पोरीची मान दुखेल का, असं त्यांना विचारायचं आहे.

मानेचं उत्तर भौतिकशास्त्रात सापडतं, ‘लावत नाहीत’चं इतिहासात. आणि खरं सांगायचं तर इतिहासातलं उत्तर सरांच्या बाजूचं नाही.

आधी भौतिकशास्त्र. गिटार आडवी धरून एका बोटावर तोलून पाहा. कावड वाहणारा जसा बांबू खांद्यावर मागेपुढे सरकवत तोल शोधतो, तसं बोट सरकवत गेलात की साउंडहोलच्या आसपास एक जागा सापडते, जिथे गिटार कुठेच कलत नाही. हा तिचा गुरुत्वमध्य. क्लासिकल गिटारचं वजन साधारण दीड किलो. आधार या जागेपासून बुडाकडे पाच सेंटीमीटर जरी सरकला तरी दांडा खाली जाऊ लागतो आणि डावा हात नकळत तो सावरतो. आधारापासून हात 45 सेंटीमीटरवर असेल तर त्याच्या वाट्याला सुमारे 170 ग्रॅम येतात. वजन किरकोळच, पण या हाताला क्षणात दुसऱ्या पट्टीवर उडी मारायची असते. ज्याने ओझं धरलंय त्याला उडी मारता येत नाही. शिकाऊ मुलांचा अंगठा दांड्याला घट्ट चिकटलेला दिसतो, त्यामागे आळस नसतो. तो बिचारा हमाली करत असतो.

उकुलेलेचं दुखणं याहून वेगळं. वजन जेमतेम अर्धा किलो, त्यामुळे ते छाती आणि उजवा हात यांच्यामध्ये दाबून धरतात. पण दाबलेलं लाकूड मोकळं थरथरत नाही. पाठ छातीला टेकलेली, वरची फळी हाताखाली. आवाजातला काही भाग अंगातच जिरतो.

हे जिरणं ज्याला मनापासून खटकलं, त्या माणसाविषयी थोडं सविस्तर लिहायचा मोह आवरत नाही. दिओनिसिओ आग्वादो, जन्म 1784, माद्रिदचा. गिटारच्या इतिहासात त्याचं नाव येतं ते बहुधा गिटारवादक-संगीतकार फर्नांदो सोरचा मित्र म्हणून. दोघे पॅरिसमध्ये एकत्र वाजवत. सोरने दोघांसाठी लिहिलेल्या जोडवादनाचं नावच ‘दोन मित्र’ आहे. आग्वादो नखांनी वाजवी, सोर नखांशिवाय, आणि तरी मैत्री टिकली. (दोन घराण्यांच्या गवयांनी एवढं जमवलं तर आपण त्याची बातमी करू.) आग्वादोने एक तीन पायांचं स्टँड बनवलं, ट्रिपोडिसॉन. गिटार त्यात अडकवायची आणि वादकाने तिच्यामागे बसायचं. गिटारची पाठ अंगाला टेकत नाही, बाजू मांडीला टेकत नाहीत, दोन्ही हात पूर्ण मोकळे. आपल्या 1843च्या शिक्षणग्रंथात त्याने या स्टँडचा हिरिरीने पुरस्कार केला. सोरनेही आपल्या ओपस 59 या रचनेसाठी ते हवंच असं नोंदवून ठेवलं.

मी आग्वादोला वैज्ञानिकांच्या रांगेत बसवतो, कारण त्याने नेमका प्रश्न विचारला: वाद्य धरण्याने वाद्याचं काय बिघडतं? 1849 मध्ये तो गेला आणि त्याच्याबरोबर स्टँडही मागे पडलं. पुढे गिटार घडवणाऱ्या आंतोनिओ दे तोरेसने तिचं शरीर मोठं केलं. याच तोरेसने 1862 मध्ये पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या आणि लाकडाची फक्त वरची फळी ठेवून गिटार बनवली. आवाज मुख्यतः वरची फळी देते, हे त्याला दाखवायचं होतं. म्हणजे पाठीविषयी आग्वादो थोडा जास्तच हळवा होता, असं म्हणता येईल. पण वरच्या फळीवर हात रेलू नये, हा त्याच्या स्टँडचा फायदा तोरेसच्या प्रयोगाने उलट पक्काच होतो. मोठी गिटार डाव्या मांडीवर ठेवून पाय स्टुलावर घ्यायची बैठक फ्रान्सिस्को तारेगा या वादकाने रुळवली, त्याच्यानंतरच्या सेगोव्हिया या वादकाने ती जगभर नेली. सर ज्याला परंपरा म्हणतात ती एवढीच जुनी. त्याच्या कितीतरी आधी, सतराव्या शतकातल्या चित्रांमध्ये गिटार फितीने अंगावर अडकवलेली दिसते.

उकुलेलेला तर परंपरेचा धाकच नको. पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरून मजूर घेऊन निघालेलं ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाज 1879 मध्ये होनोलुलूला लागलं. त्यातले तीन सुतार, नुनेस, दियास आणि एस्पिरितो सांतो, आपल्या माशेत नावाच्या छोट्या तंतुवाद्यापासून तिथे जे घडवू लागले ते उकुलेले. वसईतून पोर्तुगीज जाऊन तेव्हा 140 वर्षं झाली होती. एक-दोन शतकांचं गणित जरा इकडेतिकडे झालं असतं तर ते वाद्य कदाचित आपल्याच किनाऱ्यावर जन्मलं असतं, असं मनात येतं खरं. पण हे स्वप्नरंजन, इतिहास नव्हे.

उभं राहून, चालत, तासन्‌तास वाद्य कसं पेलावं याचे खरे जाणकार मात्र आपल्याच गावात आहेत. वारकरी दिंडीतला विणेकरी पाहा. वीणा त्याच्या गळ्यात असते, आणि मृदंग मृदंग्याच्या. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते, पहारा बदलतो तसा गळा बदलतो. सात दिवसांचा भार पेलणाऱ्या वीणेच्या पट्ट्याची दोन टोकं वाद्यावर दोन वेगळ्या जागी बांधलेली असतात. मुद्दा इथेच आहे.

हुकाचा पट्टा कसा चालतो ते बघा. तो मानेवरून छातीवर उतरतो, वाद्याच्या मागून खाली जातो, खालच्या कडेला वळसा घालून पुढे येतो आणि हुक साउंडहोलच्या काठात अडकतो. म्हणजे वाद्याला आधार मिळतो तो खालच्या कडेला, आणि गुरुत्वमध्य राहतो त्याच्या वर. आधार खाली, वजन वर, हा तोल कायम डळमळीतच असतो. हात सोडलात की वाद्य पुढे कोलमडणार. त्यातून हुकाची ओढ दोन-अडीच मिलिमीटर जाडीच्या फळीच्या काठावर. अर्ध्या किलोच्या उकुलेलेला हे चालून जातं, दीड किलोच्या गिटारला मी असं टांगणार नाही.

आता मान. गळ्यातला पट्टा लांब करा, आखूड करा, उभं राहून वाजवताना गिटारचा भार पट्ट्यावरच असेल तर मानेवर दीड किलो येणारच, त्यात काटकसर नाही. रुंदी वाढवली तर तोच भार जास्त जागेवर पसरतो आणि पट्टा रुतत नाही, इतकंच. तोच पट्टा डाव्या खांद्यावरून पाठीमागे तिरका नेला तर मान जवळजवळ सुटते. बसून वाजवताना तर वजन मांडीवरच असतं, पट्टा फक्त गिटारचा कोन सांभाळतो.

मानेचं नाव निघालं की हल्ली 27 किलोचा आकडा हमखास फेकला जातो: मोबाइलकडे 60 अंश वाकून पाहिलं की मानेवर 27 किलो! हा आकडा केनेथ हंसराज या शल्यचिकित्सकाच्या 2014च्या निबंधातला. तो संगणकीय प्रतिमानाचा हिशेब आहे, माणसांच्या मानेत वजनकाटा घालून केलेलं मोजमाप नव्हे. बातम्यांनी ते सांगितलं नाही. मात्र दिशा बरोबर आहे: पाच किलोचं डोकं जितकं पुढे झुकेल तितकं मागच्या स्नायूंना ताणावं लागतं. गिटार मांडीवर खाली घसरली की मूल पट्ट्या बघायला वाकतं, आणि तासभर वाकलेलं डोकं दीड किलोच्या गिटारपेक्षा महाग पडतं. वाद्य वर उचलून धरणारा पट्टा इथे मानेचा मित्रच ठरतो.

तेव्हा या वाचकांना माझा सल्ला: उकुलेलेला हुकाचा पट्टा खुशाल वापरू द्या, फक्त एक हात कायम वाद्यावर राहील हे मुलीला बजावा. गिटारला मात्र दोन खुंट्या बसवून घ्या, एक बुडाशी आणि एक दांड्याच्या टाचेवर. दोन्हीकडे आत जाड लाकूड असतं. भोक घरच्या ड्रिलने पाडू नका, वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडूनच पाडून घ्या. सर नाराज झाले तर त्यांना आग्वादोविषयी सांगा. आणि वाजवून झाल्यावर पट्टा काढून वेगळा ठेवा. लाखेच्या पॉलिशवर रबर किंवा रेक्झिनचा पट्टा दिवसेंदिवस टेकून राहिला तर डाग पडतो, आणि वसईच्या पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत.