प्रेशर वाढवू का?

गोव्याहून मळमड्डीला परतताना अनमोडचा घाट लागला की आमच्या मामांची जुनी मोटार दम टाकायची. सपाटीवर काही नाही; चढावर पाय दाबला की गचके. एका गॅरेजवाल्यानं नुसतं ऐकूनच सांगितलं, "फ्युएल प्रेशर वाढवू, गाडी कशी पळंल बघा." मामा तयारही झाले होते!

कार्ब्युरेटर होता तेव्हा मिस्त्री स्क्रू फिरवून, कान लावून मिश्रण जुळवायचे. २००० च्या सुमारास मारुती ८०० मध्येही इंजेक्शन आलं आणि ते काम ईसीयूकडे गेलं. टाकीतला पंप पेट्रोल रेलमध्ये ढकलतो, रेग्युलेटर दाब राखतो (अशा गाड्यांत साधारण ३ बार), आणि इंजेक्टर काही मिलिसेकंद उघडतो. किती वेळ उघडायचा, हा हिशोब दाब ठरलेला आहे असं धरूनच केलेला असतो.

आता दाब ३ चा ४ केला तर? पेट्रोल तिपटीच्या हिशोबानं वाढत नाही. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणं वाढतो, म्हणजे जेमतेम १५ टक्के. तेही टिकत नाही. धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर चुगली करतो, ईसीयू इंजेक्टर लवकर मिटतो. पूर्ण पाय दाबला की मात्र सेन्सरचं फारसं चालत नाही. मग जादा पेट्रोल जळत नाही, प्लग काळे पडतात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडतो. शर्यतीच्या गाड्यांत दाब वाढवतात, पण सोबत ईसीयूचा तक्ताही नव्यानं लिहितात. नुसता स्क्रू पिळणं म्हणजे ट्यूनिंग नव्हे.

दुसरे मिस्त्री म्हणाले, "आधी मोजू या." त्यांनी पंपाचा फ्यूज काढला, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू दिलं (रेलमधला दाब उतरवल्याशिवाय नळीला हात लावला तर पेट्रोल तोंडावर उडतं), मग गेज जोडून फ्यूज परत बसवला. आयडलला २.५ बार. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढली, काटा ३ वर. नळीत पेट्रोलचा वास नाही, म्हणजे पडदाही शाबूत. पण गेज तसाच बांधून चढावर नेली तर काटा २ च्या खाली! दाब कमी होता खरा, पण रेग्युलेटरमुळं नव्हे. पेट्रोल तिथवर पोचतच नव्हतं. अशात दाब वाढवायला गेलो असतो तर काही उपयोग नव्हता, उलट पंपावरच ताण.

फिल्टर बदलला. जुना उलटा करून झटकला तर बशीत चहाच्या रंगाचं पेट्रोल आणि गंजाची रेती. मामांनी ती बशी शेजाऱ्यांनाही नेऊन दाखवली.