अरुंधतीची दिशा

लग्नविधीत अरुंधतीदर्शनाची वेळ आली की पुरोहित उत्तरेकडे बोट दाखवितात, वधूवर आदराने मान हलवितात. तारा मात्र क्वचितच कोणास दिसतो. गेल्या वैशाखात नल्लकुंट्यात आमच्या भाचीचा विवाह झाला, तेव्हा तरी असे होऊ द्यावयाचे नाही, असा आम्ही निश्चय केला. सप्तर्षींतील वसिष्ठापासून अरुंधती नेमकी कोणत्या दिशेस आहे, हे गणिताने काढावयास आम्ही बसलो.

पृथ्वीवर जसे रेखांश व अक्षांश, तसे आकाशात विषुवांश व क्रांती. अरुंधतीचा विषुवांश वसिष्ठाहून ७८ सेकंदांनी अधिक, म्हणजे कोनाच्या मापात १९.५ कला, क्रांती सुमारे पावणेचार कलांनी अधिक. पहिल्या संख्येस दुसरीने भागून स्पर्शज्येच्या कोष्टकावरून आम्ही कोन काढला: उत्तरेकडून पूर्वेकडे ७९ अंश. तो कागद मोठ्या अभिमानाने भाचीस दाखविला.

मेंदीचे हात सांभाळीत तिने तो वाचला. "मामा, पृथ्वीच्या गोलावर रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळजवळ येतात ना? मग आकाशातल्या या कला पूर्ण कशा धरल्या?"

जिला आम्ही पाढे शिकविले, तिने आम्हांस निरुत्तर केले! वसिष्ठाची क्रांती सुमारे ५५ अंश. तिची कोटिज्या ०.५७. तिने गुणताच १९.५ कलांच्या ११.२ उरल्या. कोन ७१ अंशांवर आला. दोन ताऱ्यांतील अंतर निघाले सुमारे १२ कला, पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या निम्म्याहूनही कमी.

आठ अंशांची ही चूक नुसत्या डोळ्यांस जाणवली नसती. पण वेधशाळेत ती खपत नाही. १९०१ साली नवाब जफर जंग यांनी आपल्या हैदराबादेत स्थापिलेल्या निजामिया वेधशाळेने आकाशाच्या जागतिक सूचीसाठी छायाचित्रफलकांवरून लक्षावधी ताऱ्यांची स्थाने मोजली. तेथे हिशेब कलांचा नव्हे, विकलांचा असे.

रात्री दहाच्या सुमारास गच्चीवरील दिवे मालविले. उत्तरेकडे तोंड केले असता वसिष्ठ उंचावर होता. त्याच्या उजवीकडे, किंचित खाली, एक अंधूक ठिपका.

"दिसली!" जावईबापू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भाची सासरी निघाली. तिने दुरुस्त केलेला तो कागद आम्ही पंचांगात जपून ठेविला आहे.