पैसे भरले, मग बातमी कुठे आहे?

‘महिन्याला एवढे पैसे मोजतो, मग पहिल्या पानावर बातमी का नाही?’ जनसंपर्काच्या धंद्यात चार दिवस काढलेल्या कुणालाही हे वाक्य तोंडपाठ असतं. विचारणारा जुना कारखानदार असो की नव्या ॲपचा संस्थापक, समज एकच: पीआर एजन्सीला पैसे दिले म्हणजे बातमी विकत घेतली.

नाही घेतली. विकत मिळते ती जाहिरात. दरमहाचा रिटेनर असतो मेहनतीचा: प्रेसनोट लिहिणं, योग्य वार्ताहर शोधणं, त्याला विषय पटवणं, मालकांना मुलाखतीसाठी तयार करणं. बातमी लावायची का आणि किती कॉलम, हे संपादकीय विभाग ठरवतो. त्याच संध्याकाळी सरकार पडलं तर तुमच्या शोरूमची बातमी टोपलीत जाते. यात एजन्सीने काय करावं?

‘पण पैसे घेऊन छापतात, आम्हाला माहीत आहे,’ असं यावर हटकून ऐकवतात. छापतात, खरंच. 2009च्या निवडणुकांनंतर प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने ‘पेड न्यूज’वर अहवाल लिहिला, त्यात महाराष्ट्राचीही उदाहरणं आहेत. (तो पूर्ण जाहीर व्हायला 2011 उजाडलं, तेही केंद्रीय माहिती आयोगाने सांगितल्यावर.) पण तिथे जाहिरातच बातमीच्या वेशात विकली होती, आणि वाचकाला ते कळू दिलं नाही हाच आक्षेप होता. जनसंपर्क व्यवसायाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1961 साली व्हेनिसमध्ये स्वीकारलेल्या आचारसंहितेत तर ठरावीक निकालावर फी ठरवायलाच मनाई होती.

खरी चीड पुढेच येते. क्लायंटच्या डोक्यात हा समज आपोआप उगवत नाही. अकाउंट, म्हणजे क्लायंटचं काम, मिळवताना एजन्सीचे साहेबच ‘महिन्याला दहा बातम्या, त्यातल्या दोन इंग्रजीत’ असा शब्द देऊन मोकळे होतात. निभवायचा मात्र दोन वर्षं अनुभव असलेल्या मुलीने, जी सकाळी कात्रणं जमवते आणि दुपारभर वार्ताहरांना फोन लावते. आकडा गाठला नाही की क्लायंट करारातली नोटीस देतो. त्या एका अकाउंटवर चार-पाच जणांचे पगार निघत असतील, तर कुणाला तरी नारळ मिळतो. मग नातेवाइकांत चर्चा: ‘नोकरी गेली, म्हणजे काम येत नसणार.’ अहो, काम येत होतं, अकाउंट गेलं!

बाकीचे समज थोडक्यात.

‘बातमीची जागा मोजा, जाहिरातीचा दर लावा, झाला फायदा’: काही जण तर वर तिनाने गुणतातही. जनसंपर्काचं काम कसं मोजावं हे सांगणाऱ्या 2010च्या बार्सिलोना तत्त्वांनी हे मोजमाप साफ नाकारलं आहे.

‘पीआरने सगळे डाग धुऊन निघतात’: 2015 मध्ये बंदीनंतर मॅगी नूडल्स बाजारात परतली ती पीआरमुळे नव्हे, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळांतल्या चाचण्यांनंतर.

‘क्लायंट म्हणेल ते करा, नोकरी टिकते’: लंडनच्या बेल पॉटिंजर या पीआर कंपनीने दक्षिण आफ्रिकेत उद्योगपती गुप्ता बंधूंच्या कंपनीसाठी वांशिक तेढ वाढवणारी मोहीम चालवली. 2017 मध्ये पीआर व्यवसायाच्या संघटनेने बेल पॉटिंजरला काढून टाकलं आणि काही दिवसांतच तिने गाशा गुंडाळला.

‘ओळखी असल्या की झालं’: ओळखीने फोन उचलला जातो, बातमी लागत नाही.

‘छापण्याआधी आम्हाला दाखवा’: नाही. आणि हे वार्ताहराला विचारायला त्या मुलीला भाग पाडू नका. पुढच्या वेळी तो तिचा फोन घेणार नाही.