अमरत्वाचा वर : पुराणात आणि प्रयोगशाळेत

पेडणे आणि डिचोली हे गोव्याच्या उत्तर सीमेवरील दोन तालुके. अठराव्या शतकात ते सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होते, आणि त्या मुलखाशी असलेले त्यांचे नाते आजही तुटलेले नाही. दिवाळी सरली, की तेथील देवळांतून जत्रा भरू लागतात आणि जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक उभे राहते. पेटी, पखवाज आणि झांज यांचा नाद घुमतो. गणपती, सरस्वती, संकासुर ही सोंगे येऊन जातात, आणि मग मुख्य आख्यान पहाटेपर्यंत रंगते. या नाटकाला लिखित संहिता नसते. कथानक तेवढे ठरलेले असते. संवाद नटांनी रंगमंचावरच जुळवायचे असतात. त्यामुळे देव आणि दैत्य यांचा वाद हा पाठ केलेला नसून खरोखरीचा वाद असतो, आणि कोणाची बाजू बिनतोड ठरली, याचा निवाडा प्रेक्षक करीत असतात.

या आख्यानांच्या पौराणिक जगात वारंवार भेटणारे पात्र म्हणजे वरदानाने उन्मत्त झालेला दैत्य. त्याला हवे असते अमरत्व; परंतु ते सरळ देणे ब्रह्मदेवाच्याही हाती नाही, असे परंपरा सांगते. म्हणून हिरण्यकशिपू अटी घालतो. मरण दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, माणसाकडून नको, पशूकडून नको, शस्त्राने नको. मृत्यूच्या सगळ्या वाटा बंद झाल्या, असे त्याला वाटते. पण संध्याकाळ उरते, उंबरठा उरतो, नखे उरतात. यादी कितीही लांबविली, तरी तिच्यात न आलेले काहीतरी राहतेच.

नव्या काळातील कल्पितकथांचे रसिकही याच प्रश्नाशी झगडत आले आहेत. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर १९६३ साली ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथामाला सुरू झाली. तिचा नायक परग्रहवासी. तो मरणाच्या दारी पोहोचला, की त्याचा देह नवा होतो, मुद्राही पालटते. १९६६ साली मूळ नटाच्या जागी दुसरा नट आणताना ही युक्ती योजली गेली. १९७६ सालच्या एका कथेने मात्र त्यालाही मर्यादा घातली : असा पालट फक्त बारा वेळा. त्या मर्यादेवर रसिकांनी वर्षानुवर्षे काथ्याकूट केला, आणि अखेर २०१३ साली कथाकारांनी नायकाला पालटांचा नवा साठा बहाल करून आपली सुटका करून घेतली. म्हणजे येथेही वर आहे, आणि वराला अटही आहे.

आता शास्त्र काय म्हणते, ते पाहू. शरीरातील पेशी योग्य पोषण मिळाल्यास अनंत काळ विभागत राहतील, असा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शास्त्रज्ञांचाही समज होता. ज्या १९६१ साली गोवा मुक्त झाला, त्याच वर्षी अमेरिकेतील लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी तो समज खोटा ठरविला. मानवी पेशी सुमारे पन्नास वेळा विभागतात आणि मग थांबतात, असे त्यांना आढळले. पुढे याचे कारणही उमगले. पेशीतील गुणसूत्रांच्या टोकांना ‘टेलोमेअर’ नावाचे संरक्षक भाग असतात. बुटाच्या नाडीच्या टोकावरील टोपणाची उपमा त्यांना दिली जाते. प्रत्येक विभाजनागणिक ते थोडे आखूड होतात. ते पुन्हा वाढविणारे विकरही सापडले. टेलोमेअर आणि हे विकर यांवरील संशोधनासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मग ते विकर टोचून घ्यावे आणि अमर व्हावे, इतके हे सोपे आहे काय? नाही. बहुतेक कर्करोगाच्या पेशी याच विकराच्या बळावर अमर्याद वाढतात. हेन्रिएटा लॅक्स ही अमेरिकन स्त्री १९५१ साली कर्करोगाने, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी वारली. तिच्या गाठीतून घेतलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. पेशी अमर झाल्या, पण जिच्या त्या होत्या तिचा त्यांनीच बळी घेतला. भस्मासुराची कथा ज्याने ऐकली आहे, त्याला याचे नवल वाटू नये.

सृष्टीत म्हातारपण टाळणारे जीव मात्र आहेत. गोड्या पाण्यातील हायड्रा वर्षानुवर्षे जराग्रस्त झाल्याची चिन्हे दाखवीत नाही. एका जातीची चिमुकली जेलिफिश तर संकट येताच पुन्हा आपल्या बाल्यावस्थेत परतते. तरीही या जीवांनी समुद्र आणि तळी भरून गेलेली नाहीत, कारण त्यांना कोणीतरी खातेच. पेडण्याच्या मोरजी किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. एका खेपेस शंभराच्या आसपास अंडी. पण पिल्ले समुद्रात शिरतात, तेव्हा म्हातारपण फार दूर असते आणि मासे, पक्षी अगदी जवळ. वार्धक्य नसणे वेगळे आणि मृत्यू नसणे वेगळे.

हा भेद गणिताने अधिक स्पष्ट होतो. माणूस कधीच म्हातारा होत नाही आणि दर वर्षी हजारांत एकच जण अपघाताने वा साथीने दगावतो, असे क्षणभर धरू. तरीही सुमारे ६९३ वर्षांत निम्मी माणसे गेलेली असतील, आणि सात हजार वर्षांच्या आतच हजारांत जेमतेम एक उरेल. शास्त्राने उद्या जरेवर संपूर्ण विजय मिळविला, तरी उंबरठा मोकळाच राहणार!

म्हणून कल्पितातील अमरत्व शक्य आहे काय, या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. मृत्यूपासून कायमची सुटका अशक्य. जरेचा वेग मंदावणे कदाचित शक्य. यांपैकी कोणते मागावे, हेही पुराणाने सुचविले आहे. अश्वत्थामा चिरंजीव आहे, पण कपाळीची जखम वाहात हिंडणारा. त्याचे दीर्घायुष्य हा वर नसून शाप आहे. भारतात स्वातंत्र्याच्या सुमारास बत्तीस वर्षांच्या आसपास असलेले सरासरी आयुर्मान आज सत्तरीच्या घरात आले आहे. ही वाढलेली वर्षे अश्वत्थाम्याची ठरतात की सुखाची, हा खरा प्रश्न होय. देवळाच्या आवारात शाल लपेटून पहाटेपर्यंत नाटक पाहणाऱ्या वृद्धांना सात हजार वर्षे नको असतात. पुढच्या जत्रेला देवळाच्या पायऱ्या आपल्या पायांनी चढता याव्यात, नटाचे बोल कानी पडावेत आणि आख्यान ध्यानात राहावे, एवढेच त्यांचे मागणे असते. ब्रह्मदेवाला जे देता आले नाही, ते शास्त्रालाही देता येणार नाही. पण हे मागणे मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचे नाही.