फौजेतून वावरात

पांढुर्णा आणि सौंसर हे मध्य प्रदेशातले मराठी बोलणारे तालुके. १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर ते मध्य प्रदेशातच राहिले आणि २०२३मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे होऊन नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आले. संत्र्याचा बगीचा राखणारा निवृत्त सैनिक इथल्या गावांना चांगला ओळखीचा. गाव त्याला ‘फौजी’ म्हणते, नाहीतर हुद्द्यावरून ‘सुभेदार साहेब’. तो गेल्यावर मुलांना आठवतो तो वावरातला बाप. फौजेतला बाप त्यांनी फारसा पाहिलेलाच नसतो. २०२२पूर्वी अठरा-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेल्या शिपायाला पेन्शनसाठी किमान १५ वर्षांची सेवा लागते. त्यामुळे पुष्कळ जण चाळिशीच्या आत घरी परततात, आणि तोवर मुले लहानच असतात.

शेती मात्र नोकरीतही सुटत नाही. वार्षिक रजा शक्यतो पेरणीच्या नाहीतर कापूस वेचणीच्या दिवसांत मागितली जाई. पांढुर्ण्याचा जवान नागपूर-इटारसी मार्गावरच्या गाडीने थेट गावच्या स्टेशनात उतरे. सौंसरच्या जवानाला नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणारी छोट्या लाईनची गाडी धरावी लागे. ती लाईन २०१५मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. एरवी घराशी दुवा पत्रांचाच. ती ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ अशा पत्त्यावर जात, म्हणजे जवान नेमका कुठे आहे हे घरच्यांना पाकिटावरून कधीच कळत नसे.

निवृत्तीनंतर हाती आलेला पैसा बहुधा विहिरीत, मोटरपंपात आणि संत्र्याच्या कलमांत जातो. सीमेपलीकडचे, महाराष्ट्राच्या वरूड तालुक्यातले शेंदुरजना घाट कलमांसाठी प्रसिद्ध आहे. जंबेरीच्या खुंटावर बांधलेली कलमे सहा-सहा मीटरवर लावली, तर एकरी सुमारे ११० झाडे बसतात. फळ धरायला पाच वर्षे जातात. सदतिसाव्या वर्षी गावी आलेल्या माणसाला भरघोस पीक दिसते ते पंचेचाळिशीच्या आसपास, आणि एवढा धीर धरणे सोपे नाही.

या बागाईतीची खरी परीक्षा ‘ताण’ देण्यात असते. आंबिया बहारासाठी डिसेंबरात आणि मृग बहारासाठी मे महिन्यात झाडांचे पाणी तोडतात. ताण कमी पडला तर फूल नीट येत नाही, जास्त झाला तर पाने झडून झाड खचते. जमीन हलकी की भारी, यावर दिवस ठरतात. रोज बगीच्यात फिरून पाने न्याहाळणाऱ्यालाच पाणी पुन्हा कधी सोडायचे ते कळते. तोडणीनंतर सल काढणे, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला बोर्डो मलम लावणे, बुंध्याशी पाणी साचू न देणे ही कामे चुकली की डिंक्या रोग झाड पोखरतो. वेळेला वेळ जुळवायची फौजेतली सवय इथे कामी येते. अशा माणसाची आठवण काढताना नुसते ‘कष्टाळू होते’ म्हणणे अपुरे आहे. त्याने कोणते वावर कसे उभे केले, कोणती विहीर कधी खोदली, हे लिहून ठेवायला हवे.

फौजेतली वर्षे जुळवायला घरातल्या पेटीतले डिस्चार्ज बुक सर्वांत उपयोगी. भरतीची तारीख, पलटण, हुद्दे, पदके यांची नोंद त्यात मिळते. पदकेही बोलतात. १९६५च्या लढाईसाठी रक्षा पदक आणि समर सेवा स्टार, १९७१साठी संग्राम पदक, पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार दिले गेले. गोल पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक आणि नाव कोरलेले असते. आणखी माहिती हवी असल्यास रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाशी पत्रव्यवहार करता येतो. महार रेजिमेंटचे केंद्र सागरला, ग्रेनेडियर्सचे जबलपूरला, तर ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे नागपूरजवळ कामठीला आहे.

शेतीची कागदपत्रे मात्र महाराष्ट्रातल्या नातेवाइकांच्या कागदपत्रांपेक्षा वेगळी. इथे सातबाऱ्याऐवजी खसरा आणि बी-१, तलाठ्याऐवजी पटवारी, आणि सगळा मजकूर हिंदीत. जुन्या खसऱ्यात वर्षवार पीक नोंदलेले असते. कापूस-तुरीच्या वावरात संत्रा केव्हा आला, ते त्यावरून काढता येते.

या हिशेबात एक नाव बहुतेक वेळा सुटते, ते आईचे. नवरा सीमेवर असताना पेरणी, गडीमाणसांची मजुरी, पटवाऱ्याकडच्या फेऱ्या आणि मुलांचे आजार तिनेच निभावले. १५ वर्षांहून अधिक काळ वावर तिच्या भरवशावर टिकले, म्हणून तर फौजी परतला तेव्हा बगीचा लावायला जमीन शिल्लक होती. त्याच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतन तिच्या नावे सुरू होते. जमिनीच्या फौती नामांतरणात, मृत्युपत्र नसेल तर, हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार तिला मुलामुलींच्या बरोबरीचा वाटा मिळतो. मुलींची नावे आणि तिचे नाव त्या अर्जात न वगळता लिहिली गेली पाहिजेत.