माझी रिमोटची पाणबुडी

वर्गमित्रांनो, तुम्ही पाणबुडी पाहिली आहे का? मी पण पाहिली नाही. आपला नागपूर जिल्हा देशाच्या मधोमध आहे. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब. पण आमच्या संत्र्याच्या बागेत सिमेंटचे टाके आहे. तोच माझा समुद्र.

पाणबुडी कशी बुडते ते आधी सांगते. वस्तू पाण्यात बुडाली की ती आपल्या आकाराएवढे पाणी बाजूला सारते. त्या पाण्यापेक्षा ती जड असेल तर तळाशी जाते. हलकी असेल तर तरंगते. खऱ्या पाणबुडीला मोठ्या टाक्या असतात. त्यात समुद्राचे पाणी घेतले की ती जड होते आणि खाली जाते. वर यायचे असले की दाबून भरलेली हवा टाक्यांत सोडतात. हवा पाण्याला बाहेर ढकलते आणि पाणबुडी हलकी होते.

अशा पाणबुड्या आपल्या महाराष्ट्रातच मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बनतात. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी आयएनएस शल्की ७ फेब्रुवारी १९९२ रोजी नौदलात आली. २०१९ साली आयएनएस खांदेरी आली. तिला शिवाजी महाराजांच्या काळातील खांदेरी या जलदुर्गाचे नाव दिले आहे. हे गुरुजींनी सांगितले आणि मी ठरवले, आपण पण एक करायची.

माझ्या लहान भावाजवळ रिमोटची गाडी होती. मी म्हटलं, "मला दे, पाणबुडी झाली की परत जोडून देईन." त्याने लई वेळ विचार केला आणि दिली.

साहित्य असे : रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी, गाडीतली मोटार, सेल आणि रिमोटचा संदेश घेणारी पट्टी, सायकलची तार, रिकामी रिफील, ग्रीस, पत्रा, गोटे, सुतळी.

कृती : बरणीच्या बुडाला बाबांनी भोक पाडून दिले. त्यात रिफीलचा तुकडा चिकटवला व ग्रीस भरले. त्यातून सायकलची तार बाहेर काढली. तारेचे आतले टोक मोटारीला जोडले, बाहेरच्या टोकाला पत्र्याचा पंखा लावला. ग्रीसमुळे तार फिरते पण पाणी आत येत नाही. पुढच्या बाजूला दोन पत्र्याचे पंख लावले, पुढून थोडे खाली वाकवलेले. गोटे तळाशी ठेवले, म्हणजे बरणी लोळत नाही. झाकणाला ग्रीस लावून घट्ट बसवले. वरून सुतळीचा फास बांधला.

आता माझी चूक ऐका. मला वाटले, पाणबुडी म्हणजे बुडलीच पाहिजे. म्हणून मी गोटे खूप भरले. टाक्यात सोडल्याबरोबर ती सरळ तळाशी गेली. आम्ही बटणे दाबून दाबून थकलो, पण ती वर येईना. भाऊ जोरात रडू लागला. टाक्यात उतरायचे नाही असे बाबांनी बजावले होते. पाणीही सोडून देता येत नव्हते, कारण ते झाडांसाठी होते. माझ्या पोटात गोळा आला. भावाची गाडी मीच बुडवली होती.

आजी आली. म्हणाली, "काहून रडून राहिला रे?" मग तिने विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ आणला. सुतळीच्या फासात गळ अडकवून पाणबुडी वर ओढली. आत थोडेच थेंब गेले होते. पुसून वाळवल्यावर मोटार चालली.

मग गुरुजींनी युक्ती सांगितली. बादली काठोकाठ भरून परातीत ठेवली. बंद बरणी पाण्यात पूर्ण दाबली. परातीत सांडलेले पाणी दुकानातल्या काट्यावर मोजले, ६२० ग्रॅम भरले. माझी पाणबुडी होती ६५० ग्रॅमची! गोटे काढून ती ६०० ग्रॅमची केली. आता ती नुसती पाठ वर काढून तरंगते. बटण दाबले की पंखा तिला पुढे ढकलतो आणि वाकवलेल्या पंखांमुळे ती खाली शिरते. बटण सोडले की मोटार थांबते आणि ती आपोआप वर येते.

हे फार महत्त्वाचे आहे, कारण रेडिओ लहरी पाण्यात लवकर विरतात. आमच्या रिमोटवर २७ मेगाहर्ट्झ लिहिले आहे. त्या लहरी गोड्या पाण्यात थोड्या खोलीपर्यंत जातात. २.४ गिगाहर्ट्झवाल्या रिमोटच्या तर आणखी लवकर विरतात. खारट पाण्यात लहरींना जाणे फारच अवघड असते. म्हणून पाण्याखालच्या पाणबुड्यांना निरोप द्यायला नौदल फार कमी कंपनांच्या लहरी वापरते. त्यासाठी तामिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र १९९० पासून आहे. आपला निरोप पोचलाच नाही तरी मोटार थांबते, आणि हलकी पाणबुडी घरी परत येते.

मित्रांनो, तुम्ही केली तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा. आधी वजन करा, मग पाण्यात सोडा. सुतळी बांधल्याशिवाय सोडू नका. आणि मोठे माणूस जवळ असल्याशिवाय टाक्याजवळ किंवा विहिरीजवळ जाऊ नका.

भावाची गाडी अजून मोटारीवाचून पडली आहे. मी परत जोडून देते म्हटले, तर तो नाही म्हणतो. रिमोट आता त्याच्याच हातात असतो. मी फक्त सुतळी धरते.

— इयत्ता ४ थी