मे महिना, भट्टी आणि डागी आंबे

मे महिन्यात विस्तवाजवळ जायची कुणालाच हौस नसते. तरीही मराठी घरांतल्या नानकटाया, बिस्किटं आणि केक गेल्या पन्नासेक वर्षांत सर्वांत जास्त भाजले गेले ते याच महिन्यात. शाळांना सुट्टी, घरात मामे-मावस भावंडांचा राबता, डबे सारखे रिकामे होणारे. त्यात मंडईत फळं इतकी उतरलेली असत की दिवस कलला की विकणारी स्वतःच भाव पाडायची. हा सगळा काळ नजरेखालून घालताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. आमच्याकडचं उन्हाळी बेकिंग चांगलं झालं ते बाजार त्या आठवड्यात जे स्वस्तात देत होता ते घेऊन. महागाचं सामान आणून केलेले पदार्थ फारसे कुणाच्या लक्षात राहिले नाहीत.

सत्तरच्या दशकात आमच्यासारख्या घरांत ओव्हन नव्हता. पेठेतल्या बेकरीची भट्टी हाच सगळ्या आळीचा ओव्हन. सुट्टी लागली की घरून मैदा, साखर आणि तूप घेऊन जायचं; कुणी सगळं सामान बेकरीवाल्याच्या स्वाधीन करी, कुणी घरीच गोळा तयार करून नेई. तो किलोवर भाजणावळ घ्यायचा. पहाटेचे पाव निघून गेल्यावर विटांच्या भट्टीत जी उतरती धग उरते, ती नानकटाईला अगदी नेमकी. पावाला कडक आच लागते, नानकटाईला मंद. बेकरीवाल्याचा एरवी वाया जाणारा विस्तव आणि आमचं घरचं तूप यांचा तो व्यवहार होता, आणि दोघांनाही परवडायचा. पत्र्याच्या डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवलेली असे. संध्याकाळी डबा परत आणताना तो बाहेरून कोमट असायचा आणि रस्ताभर वेलदोड्याचा वास यायचा.

नानकटाईचं माप प्रत्येक घरी पाठ होतं: एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर आणि मावेल तेवढा मैदा, म्हणजे साधारण दोन वाट्या. कुणी थोडा रवा घाली, कुणी बेसन. कौशल्य असायचं तूप फेसण्यात. परातीत तूप घेऊन तळहाताने एकाच दिशेने फेसत राहायचं, ते पांढरंशुभ्र आणि हलकं होईपर्यंत.  त्या फेसण्यात तुपात हवा कोंडली जाते आणि खुसखुशीतपणा तिथून येतो, सोडा फक्त मदत करतो. पण मे महिन्यात तूप आपणहून वितळायला लागतं आणि वितळलेल्या तुपात हवा राहत नाही. म्हणून आई हे काम पहाटे करायची, परातीखाली माठातल्या गार पाण्याचं पातेलं ठेवून. आज वातानुकूलित खोलीत विजेच्या मिक्सरने लोणी घुसळणाऱ्यांनीही उन्हाळ्यात भांड्याखाली बर्फ ठेवून पाहावा. फरक लगेच कळतो.

कोकणात भट्टीची वाट पाहायची गरजच नव्हती. तांदळाचा रवा, गूळ, नारळ आणि किसलेलं तवसं, म्हणजे ती मोठी पिकलेली काकडी, यांचं धोंडस तिथे पिढ्यान्‌पिढ्या होत आलं आहे. पातेलं चुलीच्या मंद निखाऱ्यांवर ठेवायचं, वर झाकण आणि झाकणावरही निखारे. वरून-खालून सारखी आच, म्हणजे ओव्हनचं सगळं तत्त्व तिथे आलंच. उन्हाळ्यात काकडीच्या जागी बरक्या फणसाचा रस घालतात. कापा फणस खायला चांगला. पण गरे पिळून रस काढायचा तर बरकाच हवा, आणि तो बाजारात नेहमी स्वस्त, कारण शहरातल्या माणसाला त्याचे बुळबुळीत गरे नको असतात. फणसाच्या धोंडसाइतका भरदार, ओलसर, कडेला किंचित करपट-गोड लागणारा केक मी दुसरा खाल्लेला नाही. आपल्याकडे केक इंग्रजांनी आणला असं कुणी म्हणालं की मला त्या झाकणावरच्या निखाऱ्यांची आठवण करून द्यावीशी वाटते.

१९७० साली कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं. त्यातली मापं वाटी-चमच्यांची होती, आणि ज्या घरात वजनकाटा नाही त्या घरातल्या बाईला यामुळे केवढा धीर आला असेल! पुढच्या वर्षांत हळूहळू गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन घरोघर पोचला. झाकणाला काचेची गोल खिडकी, तापमान दाखवणारं काही नाही, वेळेचा गजर नाही. ज्यांच्याकडे तोही नव्हता त्या कुकरची शिट्टी आणि रबर काढून तळाशी वाळू पसरत आणि त्यावर डबा ठेवून केक करत. अंडं स्वयंपाकघरात चालत नसे अशी घरं पुष्कळ होती. तिथे दही-सोड्याचा किंवा आटवलेल्या गोड दुधाच्या डब्याचा केक व्हायचा. बेकिंग पावडर आणि कस्टर्ड पावडर विकणारी वेकफील्ड ही कंपनी १९५६ पासून पुण्यातलीच, त्यामुळे ते डबे आमच्या वाण्याकडे हळद-तिखटाच्या शेजारीच असत.

भांडी मात्र नवी घेतलेली मला फारशी आठवत नाहीत. पुण्यातला मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईकरांना चोर बाजार आहे. गोव्यात म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, जिथे मानकुराद आंबे आणि मातीची भांडी एकाच फेरीत मिळतात. जुन्या बाजारात रस्त्याकडेला प्लास्टिकच्या कागदावर स्क्रू, जुनी घड्याळं, रेडिओचे भाग आणि त्यांच्यामध्येच एखादा फुलाच्या आकाराचा जेलीचा साचा पडलेला असतो. कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांमधून निघालेलं सामान असावं, असं मी मनाशी ठरवून टाकलं आहे. जाड पत्र्याचे चौकोनी ट्रे, नळीचा केकचा साचा, कडेला निळी रेघ असलेल्या इनॅमलच्या थाळ्या, बिडाची कढई. नव्या दुकानातल्या पातळ टिनापेक्षा हे जड साचे आच सावकाश आणि सारखी पसरवतात, म्हणून त्यात केकचा तळ करपत नाही.

पण पारखून घ्यावं लागतं. बिडाच्या भांड्यावर बोटाची गाठ मारून पाहावी. स्वच्छ, लांब नाद आला तर ठीक. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. गंजाला घाबरू नये, तो नारळाच्या काथ्याने निघतो आणि मग तेल लावून दोन-तीनदा तापवलं की भांडं पुन्हा काळंभोर होतं. इनॅमलची थाळी आतून टवका उडालेली असेल तर घेऊ नये, तो टवका पुढेही उडत राहतो. पितळी भांडं कितीही देखणं असलं तरी कल्हई केल्याशिवाय त्यात आंबा, कोकम असं काहीही आंबट घालायचं नाही. कल्हईवाले आता शोधावे लागतात, पण मिळतात. ॲल्युमिनियमच्या जुन्या साच्यात आंबट फळाचं मिश्रण ओतायचं असेल तर आत कागद लावावा, नाहीतर धातूची चव उतरते. आणि घासाघीस जरूर करावी. त्या बाजारात पहिला सांगितलेला भाव हा बोलणं सुरू करण्यासाठीच असतो. माझ्याकडचा सर्वांत आवडता साचा कुणा अनोळखी घरात कितीतरी वर्षं वापरला गेलेला आहे. त्याच्या कडेला सुरीचे ओरखडे आहेत, आणि त्या घरात केक कसा कापला जायचा ते त्यावरून कळतं.

तीच नजर मंडईत लागते. १८८६ साली बांधलेल्या आमच्या महात्मा फुले मंडईत मी शक्यतो रात्री आठच्या सुमारास जाते. सकाळी डझनाने मिळणारा आंबा तेव्हा वाट्याने मिळतो. डागी, एका बाजूने लागलेला, देठाजवळ मऊ पडलेला. डाग सुरीने काढला की उरलेला गर पूर्ण पिकलेला असतो, आणि भाजायला असाच गर हवा. उत्तम हापूस केकमध्ये घालणं मला पटत नाही. त्याचा जो नाजूक वास आहे तो उष्णतेत उडून जातो. तो आंबा कापून खावा. भाजण्यासाठी रायवळ आणि उतरतीचा पायरी. रायवळचा रस धागेदार, म्हणून चाळणीतून गाळायचा; पण त्याची आंबटगोड, जराशी राळेसारखी चव ओव्हनमधून बाहेर आल्यावरही टिकून राहते.

रस तसाच घातला तर केक मध्ये दबतो, कारण त्यात पाणी फार. जाड बुडाच्या कढईत तो निम्मा होईपर्यंत आटवायचा आणि गार करायचा. एक वाटी रवा, एक वाटी आटवलेला रस, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी तूप, चमचाभर दही. अर्धा तास भिजवून ठेवलं की रवा फुलतो. मग लागेल तसं दूध घालून मिश्रण सैल करायचं, शेवटी अर्धा लहान चमचा सोडा आणि लगेच भट्टीत. आंब्याची आणि दह्याची आंबट बाजू सोड्याला जागं करते, बेकिंग पावडरची गरज पडत नाही.

जूनच्या तोंडावर जांभळं येतात आणि तिथे नेमकं उलटं आहे. जांभळाचा रंग आंबटपणात जांभळा-लाल राहतो आणि सोड्यात निळसर-राखाडी होतो. म्हणून त्यात लिंबाचा रस घालायचा आणि सोड्याऐवजी बेकिंग पावडर. करवंदं घाटातल्या बायका पानांच्या द्रोणातून विकायला आणतात. त्यांचा चीक जावा म्हणून आधी साखरेत शिजवून घ्यावी लागतात. मग नानकटाईच्याच पिठाची पारी लाटून त्यात भरली तर उत्तम. हे फळ मोठ्या दुकानांत सहसा दिसत नाही. रस्त्यावर मिळतं, थोडे दिवस मिळतं आणि अगदी स्वस्त मिळतं.

नव्वदनंतर काचेच्या दाराचे चौकोनी ओव्हन आले, तापमानाचं बटण आलं, साच्यांची दुकानं आली. गोठवलेली ब्लूबेरी आणि परदेशी चीज घरात येऊ लागलं. हा काळ मी फार लांबवत नाही, कारण त्यातलं फारसं काही आमच्या घरात टिकलं नाही.

टिकणारा बदल २०२० मध्ये झाला. मार्च अखेरीस टाळेबंदी लागली आणि ऐन हंगामात कोकणातला आंबा अडकला. बागायतदारांनी पेट्या थेट शहरातल्या सोसायट्यांच्या फाटकापर्यंत आणल्या. ज्यांनी कधी पीठ मळलं नव्हतं ते पाव भाजायला लागले, दुकानात यीस्ट मिळेना. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळाने रायगडच्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या आणि आंब्याच्या बागा मोडल्या. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या झाडांखाली न उतरवलेल्या आंब्यांचा खच पडला. पडलेल्या आंब्याला पेटीत जागा नसते. आपटलेलं फळ दोन दिवसांत काळं पडतं. अशा वेळी आंबा घेणं म्हणजे स्वस्ताई लुटणं नव्हे, हे तेव्हा मला स्पष्ट कळलं. तो लगेच कापून, रस काढून, आटवून ठेवणारं कुणीतरी लागतं. ते काम पूर्वी प्रत्येक घर करायचं, आंबापोळी घालून किंवा बरण्या भरून. आम्ही शहरात येऊन ते सोडून दिलं होतं.

आता भट्ट्याही बदलत आहेत. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. मुंबईच्या हवेसाठी ते आवश्यकच होतं, आणि भट्टीसमोर आयुष्य काढणाऱ्या कारागिरांच्या छातीसाठी त्याहून जास्त. धुराचा तो पुसट वास नानकटाईतून जाईल, त्याचं मला वाईट वाटतं. पण भाजणावळ घेऊन घरचा डबा भाजून देण्याची पद्धत इंधनावर अवलंबून नाही. गॅसच्या भट्टीतही दुपारची रिकामी धग असतेच, आणि विचारलं तर लहान बेकऱ्यांतले कितीतरी मालक आजही हो म्हणतात.

आमच्या इमारतीत गेली काही वर्षं एक वेगळी सोय झाली आहे. मेच्या शेवटी, वळवाचा पहिला पाऊस पडला की पेटीच्या आंब्याचं गिऱ्हाईक संपतं आणि उरलेलं फळ बागायतदार किलोच्या भावाने कॅनिंगला, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्यांना देतात. लहानमोठं, ओबडधोबड, पण झाडावरच तयार झालेलं. भाजण्यासाठी याहून चांगला आंबा नाही. ओळखीच्या बागायतदाराला आम्ही त्या भावापेक्षा थोडं जास्त देतो, वर गाडीभाडं, आणि क्रेट मागवतो. एका घरी धुणं, एका घरी रस गाळणं, माझ्याकडे मोठी बिडाची कढई म्हणून आटवणं. मग वाटीवाटीच्या मापाने पिशव्या भरून बर्फाच्या कप्प्यात. सोललेल्या कोयी खालच्या मजल्यावरच्या काकू धुऊन वाळवतात आणि रोपांसाठी ठेवतात. गेल्या वर्षीचा रस गणपतीच्या आधीच संपला, म्हणून यंदा दोन क्रेट जास्त सांगून ठेवले आहेत.